डाव्या कडेनं

पुण्यात सायकलीचा विषय काढला की समोरचा माणूस हमखास चाळीस-पन्नास वर्षं मागं जातो. 'आमच्या वेळी अख्खं पुणं सायकलवर होतं' इथून सुरुवात होते. मग कॉलेजच्या स्टँडवर एकमेकांत गुंतलेली हँडलं येतात, रात्री दिवा नाही म्हणून चाकातली हवा सोडणारा पोलीस येतो, कर भरून सायकलीला लावायचा पत्र्याचा बिल्ला येतो, मधल्या नळीखालून पाय घालून शिकताना फोडलेले गुडघे येतात. आणि शेवटी सुस्कारा : आता कुठं राहिल्या सायकली! हा सुस्कारा मी लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे, बँकेच्या रांगेत ऐकला आहे, आणि सायकल मार्गाच्या एका उद्घाटनात थेट व्यासपीठावरूनही ऐकला आहे.

अशा वेळी मी एकच सुचवतो. सकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान वारज्यात महामार्गाच्या पुलाखाली दहा मिनिटं उभे राहा. शिवणे, उत्तमनगर या बाजूनं सायकली येत असतात. एकामागून एक, डाव्या कडेनं, फारसा आवाज न करता. स्वेटरच्या आत सिक्युरिटीचा निळा शर्ट घातलेले वॉचमन. हँडलला डबा आणि कॅरिअरला थापी-ओळंबा बांधलेले गवंडी. रंगाचा रोलर काठीसकट खांद्यावर टाकून एका हातानं सायकल चालवणारा पोरगा. गॅरेजमध्ये जाणारे, हॉटेलच्या भटारखान्यात जाणारे, बंगल्यांच्या बागा राखणारे. आठ वाजले की ही माणसं आपापल्या कामाच्या जागी पोचलेली असतात, आणि सुस्कारा टाकणारे तोवर पार्किंगमधून गाडी काढायलाही आलेले नसतात. रात्री आठनंतर हीच वर्दळ उलट्या दिशेनं जाते. तेव्हाही ती कोणाच्या नजरेला पडत नाही, कारण बहुतेक सायकलींना दिवा नसतो.

तेव्हा पुण्यातली सायकल गेली, असं मला वाटत नाही. ती एका वर्गाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली, आणि ज्यांच्या हातून गेली त्यांनी ती संपल्याचं जाहीर करून टाकलं.

मोजायला जावं तर पंचाईत अशी की सायकल कुठल्याच वहीत नोंदलेली नसते. मोटार वाहन कायद्याच्या लेखी ती वाहनच नाही. तिला नंबर नाही, परवाना नाही, त्यामुळं आरटीओला तिचा पत्ता नाही. २०१८ साली आरटीओच्या आकड्यांवरून बातमी झाली होती की पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या : वस्ती सुमारे ३५ लाख आणि वाहनं सुमारे ३६ लाख, त्यांतल्या २७ लाख दुचाकी. ही बातमी बरेच दिवस चघळली गेली. सायकली किती, हे तिच्यात नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. जनगणनेनं मात्र २०११ मध्ये हा प्रश्न घरोघरी विचारला होता : कामावर कशानं जाता? शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी देशभरात साधारण १३ टक्के लोकांनी सायकल असं उत्तर दिलं. मोपेड, स्कूटर आणि मोटारसायकल मिळून जो आकडा आला, तोही जवळपास एवढाच होता. मोटारीनं कामाला जाणारे या दोघांच्याही कितीतरी मागं होते. शहराचे रस्ते कोणाकडं बघून आखले जातात, हे सांगायला नकोच.

मी स्वतः कर्वेनगरहून नारायण पेठेत कामाला सायकलवर जातो. अंतर पाच-सहा किलोमीटर. जाताना उतार, येताना चढ. सकाळी कर्वे पुतळ्यापासून पौड फाट्यापर्यंत पायडल मारावं लागत नाही म्हटलं तरी चालेल, आणि संध्याकाळी तेच अंतर दिवसभराचा हिशेब वसूल करतं. हा फरक चारचाकीतल्या माणसाला जन्मात कळत नाही. सायकलवाल्याला मात्र आपल्या शहराचे सगळे चढउतार मांड्यांनी पाठ असतात : गणेशखिंडीचा लांबलचक कंटाळवाणा चढ, चांदणी चौकाकडं जातानाचा दमछाक करणारा, सिंहगड रस्त्याचा जवळजवळ सपाट पण धुरानं भरलेला पट्टा.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो वेळेचा. 'फार वेळ जात असेल ना?' टॉमटॉम या कंपनीनं २०२४ सालच्या रहदारीचा जगभरच्या शहरांचा जो तक्ता काढला, त्यात पुणं संथपणात जगात चौथं आलं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. हिशेब केला तर ताशी अठरा किलोमीटर. माझ्यासारखा पन्नाशीचा माणूस साध्या सायकलवर बारा-चौदाच्या वेगानं जातो, तरुण पोरं अठरा सहज गाठतात. म्हणजे अब्जावधी रुपये उड्डाणपुलांत ओतून आपण ज्या वेगाला पोचलो, तो सायकलचाच वेग आहे. नळ स्टॉपच्या चौकात खाली सिग्नल, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो असे तीन मजले झाले आहेत. तळमजल्यावरची रांग अजूनही तीन सिग्नल खातेच.

या कर्वे रस्त्याची एक गंमत आहे, विषयांतर पत्करून सांगतो. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि त्यांचा आश्रम हिंगण्याच्या माळावर होता. कॉलेज आटोपून ते रोज पायी हिंगण्याला जात. तेच हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर, आणि कर्व्यांची ती पायवाट म्हणजे ढोबळमानानं माझा येण्याजाण्याचा रस्ता. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. एकाच घरात सासरे पायी आणि सून स्कूटरवर. सायकलचं सगळं राज्य या दोन पिढ्यांच्या मधल्या फटीत आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत उभं राहिलं आणि ओसरलं.

ते उभं का राहिलं, याची कारणं फार काव्यात्म नाहीत. पेठांचं पुणं आटोपशीर होतं. पर्वतीच्या पायथ्यापासून शिवाजीनगरपर्यंत कुठूनही कुठं जायचं तर वीस मिनिटं. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, पिंपरीला १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, मग टेल्को, बजाज. भोंग्याच्या वेळेला हजारो सायकली एका दमात रस्त्यावर येत. बस अपुरी होती आणि स्कूटर परवडत नव्हती. परवडली तरी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. सोनिपतची ॲटलस, लुधियानाची हीरो, मद्रासची हर्क्युलिस या सायकली मात्र दुकानात रोख मिळत. ज्यांच्याकडं इंग्लंडहून आलेली रॅले किंवा हंबर असे, ते ती रोज पुसत.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पेठांमधली माणसं बाहेर पडली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहती त्यानंतरच्या. शहर सैलावलं, पण तरीही सायकलच्या आवाक्यात होतं. १९७२ मध्ये बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना एकाच वर्षी आल्या. एक आकुर्डीत बनायची, दुसरी नगरला. आकुर्डीच्या फाटकाशी पाळी सुटताना सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि आतून ट्रकमध्ये स्कूटरी भरल्या जात. ज्या हातांनी स्कूटर बनवली त्यांनाच ती घ्यायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली. मग १९९७ मध्ये गावं महापालिकेत आली, हिंजवडी आलं, २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली आणि महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढं गेली. घर धायरीला आणि नोकरी खराडीला असेल तर सायकलचं कौतुक कोणी सांगू नये. तो माणूस आळशी नाही, शहरानंच त्याला लांब नेऊन टाकलं आहे.

जुन्या सायकली बघायच्या असतील तर कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं संग्रहालय आहे, २०१७ पासून लोकांसाठी खुलं. घराचे मजलेच्या मजले सायकलींनी भरलेत. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उतरणाऱ्या सैनिकांसाठी बीएसएनं बनवलेली घडीची सायकल तिथं हात लावता येईल एवढ्या अंतरावर दिसते. मला तिथं आवडतं, पण बाहेर पडताना थोडं चमत्कारिक वाटतं. संग्रहालयात ठेवलेली वस्तू रस्त्यावर शंभर पावलांवर आपल्याला ओव्हरटेक करून पुढं जात असते, कॅरिअरवर सिमेंटची रिकामी पोती बांधून.

आता रोजच्या रस्त्यावर येतो. सायकलवाल्याची जागा डावीकडं, हे शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात डावीकडं काय असतं? पावसाळी पाण्याच्या गटाराची जाळी असते आणि तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेला समांतर बसवलेल्या असतात. चाक नेमकं त्यात शिरतं. त्याच पट्ट्या आडव्या बसवायला एक पैसाही जास्त लागत नाही. त्यानंतर चेंबरचं झाकण, जे डांबराच्या दर थराबरोबर आणखी खोल जातं. मग थांब्याच्या अलीकडंच तिरकी होऊन थांबणारी पीएमपीची बस. मग मोटारीचं अचानक उघडणारं दार. आणि या सगळ्याच्या विरुद्ध दिशेनं, आपल्याच कडेनं, आपल्याच अंगावर येणारा राँग साइडवाला. तो वर आपल्यालाच हॉर्न मारतो. नवखा सायकलवाला या सगळ्याला भिऊन आणखी डावीकडं सरकतो आणि तिथंच फसतो. जुना माणूस कडेपासून हातभर अंतर सोडून चालतो, मागून कितीही हॉर्न वाजले तरी. हे शिकायला मला बराच काळ लागला, आणि शिकवलं ते एका पेपर टाकणाऱ्या पोरानं : 'काका, कडंला गेलात की ते तुम्हाला रस्त्यात धरतच नाहीत.'

कर्वे रस्ता नको वाटतो तेव्हा मी राजाराम पुलाकडून डीपी रस्त्यानं म्हात्रे पुलापाशी येतो आणि नदीपात्रातून भिडे पुलावरून नारायण पेठेत चढतो. नदीपात्रातून रस्ता असावा का, यावर पुण्यात अनेक वर्षं वाद चालू आहेत आणि नसावा म्हणणाऱ्यांचं मला पटतंही. पण सायकलला तो रस्ता मानवतो. जुलै-ऑगस्टात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो. तशी बातमी आली की मोटारवाल्यांपेक्षा आम्हा लोकांत जास्त चर्चा होते, कारण वळसा पायांनी घालायचा असतो.

पाऊस मात्र लोक समजतात तेवढा वाईट नाही. पुण्याचा पाऊस बहुधा बारीक असतो, रेनकोटच्या आत घाम जास्त येतो. खरा त्रास चष्म्याचा आणि ब्रेकचा : रिम ओली झाली की रबर धरत नाही, हे उतारावर लक्षात ठेवावं लागतं. आणि पंक्चर पावसाळ्यातच जास्त होतात, का ते मला नारायण पेठेतल्या एका दुकानानं समजावलं.

दुकान म्हणजे बोळातली एक फळी, वर पत्रा. साठी ओलांडलेले गृहस्थ आहेत. वडिलांनी हे दुकान चालवलं तेव्हा तासावर भाड्यानं द्यायच्या सायकली होत्या. आता भिंतीवर जुनी रिम टांगलेली आणि खोक्यात छर्रे, कॉटर पिना, वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. काम करताना ते बोलत नाहीत. टायर पट्ट्यांनी उचकटतात, ट्यूब बाहेर ओढून हवा भरतात आणि पाण्याच्या घमेल्यात टप्प्याटप्प्यानं बुडवून फिरवतात. बुडबुड्यांची बारीक माळ उठली की तिथं अंगठा. पुसून कोरडं करून कानशीनं घासतात, सोल्युशन लावतात आणि मग काहीच करत नाहीत. बहुतेक पोरं इथंच चुकतात, ओल्यावरच ठिगळ चिकटवतात. मिनिटभरानं ठिगळ बसवून हातोडीचे चार ठोके. त्यानंतर जे करतात ते बघण्यासारखं : टायरच्या आतल्या बाजूनं सगळीकडं बोट फिरवतात, डोळे भलतीकडं ठेवून. एका जागी बोट थांबतं. चिमट्यानं तांदळाएवढी पोलादी तार निघते. ट्रक-मोटारींची टायरं फाटतात, त्यांतल्या या तारा रस्त्याच्या कडेला वाहत येऊन बसतात. पावसात पाण्याबरोबर आणखी कडेला येतात आणि ओल्या रबरात पटकन घुसतात. म्हणजे मोटारींचा कचराही आमच्याच वाट्याला.

त्यांच्याकडं गिऱ्हाईक कोण, असं मी एकदा विचारलं. त्यांनी बोळाच्या तोंडाकडं मान वळवली. एक कुरिअरवाला, एक मंडईत भाजीच्या गाळ्यावर काम करणारा, एका वाड्यातला पुजारी. 'आणि रविवारी ते हेल्मेटवाले,' ते म्हणाले. 'त्यांच्या सायकली मी घेत नाही. माझ्याकडं पाने नाहीत त्यांचे.'

हेल्मेटवाल्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला किंवा खडकवासल्याला जाणारी मंडळी वाढली, त्यामुळं सायकल पुन्हा प्रतिष्ठेची झाली. पन्नास हजारांची सायकल असलेला माणूस महापालिकेत गेला तर त्याला खुर्ची मिळते. अडचण एवढीच की महापालिकेनं सायकलवाला म्हणून त्यालाच ओळखलं. मग मार्ग आखले गेले ते फेरफटका मारायला छान दिसतील असे.

२००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गाचा, पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा केंद्राच्या नेहरू योजनेच्या पैशातून बाजूनं सायकल मार्गही आले. पेव्हर ब्लॉकचे, मधूनच झाड, मधूनच विजेचा डीपी, मधूनच थांबा. दोन चौकांच्या मध्ये मार्ग आणि चौकात काहीच नाही, अशी त्यांची रचना; सायकलस्वाराला मदत लागते ती नेमकी चौकात. काही ठिकाणी त्यावर दुकानांचे स्टॉल आले, काही ठिकाणी दुचाकींचं पार्किंग. मग डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. शहरभर आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं, वाहनतळ, सार्वजनिक सायकली, सगळं त्यात होतं. कागद म्हणून तो आराखडा खरोखर चांगला आहे. परिसरसारख्या संस्था १९८० च्या दशकापासून रहदारीबद्दल जे सांगत होत्या, त्यातलं बरंच त्यात उतरलं. पण आराखड्याला वेगळं खातं नव्हतं, आणि आपल्याकडं ज्या कामाला खातं नसतं ते काम कोणाचंच नसतं.

जंगली महाराज रस्त्याचं रुंद पदपथांसह सुशोभीकरण झालं, त्यात सायकलचा पट्टाही आला. हा तोच रस्ता, जो १९७० च्या दशकात रेकाँडो नावाच्या कंपनीनं दहा वर्षांची हमी देऊन बांधला आणि पुढं कित्येक दशकं त्याच्यावर खड्डा पडला नाही म्हणून पुणेकर त्याची शपथ घेत. आता तिथल्या पट्ट्यावर संध्याकाळी लोक भेळ खात उभे असतात. मी उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो. भेळ खाणाऱ्याला घंटी मारण्याचं धाडस पुण्यात करू नये.

आराखड्याच्याच सुमाराला भाड्याच्या सायकली आल्या. आधी विद्यापीठात आणि औंधात पेडल, मग पिवळ्या ओफो, मग मोबाइक. मोबाइकनं तर भारतातलं पहिलं शहर म्हणून पुणंच निवडलं. मोबाइलवर कुलूप उघडायचं, हवं तिथं सोडायची. पहिले काही महिने चौकाचौकांत रंगीत सायकली दिसायच्या. मग कुलपं तुटलेल्या दिसू लागल्या, मग सीट नसलेल्या, मग कालव्यात पडलेल्या. दोन-अडीच वर्षांत जवळजवळ सगळ्या गेल्या. 'पुणेकरांना शिस्त नाही' असा निष्कर्ष काढून विषय मिटवला गेला. शिस्तीचा भाग असेलही. पण ज्या वॉचमनला आणि गवंड्याला सायकल खरोखर हवी होती, त्याच्यासाठी ती नव्हतीच : स्मार्टफोन, ॲप, ऑनलाइन पैसे आणि सायकली उभ्या कुठं, तर आयटीवाल्यांच्या वस्तीत. वारज्याच्या पुलापलीकडं मी त्यातली एकही उभी पाहिली नाही.

आमच्या सोसायटीच्या वॉचमननं मला सगळं गणित एकदा फाटकाशी उभ्याउभ्या मांडून दाखवलं. मूळचे परभणीकडचे, मुक्काम उत्तमनगरला. रात्रपाळी आठ ते आठ. जून २०२५ मध्ये पीएमपीचं किमान भाडं ५ चं १० झालं आणि महिन्याचा पास ९०० वरून १५०० वर गेला. त्यांची काळी जेंट्स सायकल साडेसहा हजाराची. साडेचार महिन्यांच्या पासात ती फिटते, आणि नंतर खर्च काय, तर पंक्चर आणि वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग. रात्रपाळीवरून सुटताना बस मिळते, पण आठवड्याची पाळी बदलून दुपारची झाली की रात्री अकराला उत्तमनगरची बस धरणं म्हणजे देवाचं नाव घेणं. 'साहेब, सायकल हौसेनं नाही चालवत,' ते म्हणाले. मग जरा थांबून, 'पण चालवताना बरं वाटतं, हे खरं.' सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यांची आधीच घेऊन झाली होती.

दुसऱ्या आहेत आमच्याकडं पोळ्या करायला येणाऱ्या ताई. सकाळी सहा ते साडेअकरा, कोथरूडमध्ये वेगवेगळ्या सोसायट्यांत सहा घरं. घरांमधलं अंतर फार नाही, पण रिक्षानं परवडत नाही आणि पायी गेलं तर एक घर सोडावं लागतं. म्हणजे सायकल ही त्यांची सहाव्या घराची कमाई आहे. चाळिशीत शिकल्या, रात्री शाळेच्या मैदानात, मुलीनं मागून कॅरिअर धरून. साडीवर कसं जमतं, तर पदर खोचून आणि चेनकव्हर पूर्ण बंद असलेली लेडीज सायकल घेऊन. पहिल्या महिन्यात रस्त्यावर त्यांना जेवढं ऐकून घ्यावं लागलं, तेवढं रहदारीनं छळलं नाही. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली देतं. ताईंच्या गावाकडच्या पुतणीला तशी मिळाली. शहरात आलेल्या बाईला कोणी देत नाही, ती हप्त्यानं घेते.

दोघांची तक्रार एकच, आणि ती रस्त्याबद्दल नाही. कामाच्या जागी सायकल लावायची कुठं? ताईंना एका सोसायटीत सांगितलं गेलं की पार्किंग सभासदांसाठी आहे, सायकल फाटकाबाहेर लावा. बाहेर लावली आणि महिन्याभरात चोरीला गेली. वॉचमनची सायकल स्वतःच्या केबिनमागं, पावसात, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी. मोठ्या दुकानांत, दवाखान्यांत, बँकांत हाच अनुभव मलाही येतो : रक्षक धावत येतो, 'सायकल इथं नाही.' मग कुठं? त्यालाही माहीत नसतं. गंमत म्हणजे बऱ्याचदा त्याची स्वतःची सायकल मागच्या गल्लीत कुठंतरी झाडाला साखळीनं बांधलेली असते. मेट्रोत सायकल नेता येते, हे चांगलं झालं. पण स्थानकाखाली ती उभी करायची जागा दुचाकींनी भरलेली.

काही बांधकामांच्या नकाशात पार्किंगमध्ये सायकलींसाठी जागा दाखवलेली असते. इमारत उभी राहिल्यावर त्या जागेवर जुनं फर्निचर, जनरेटरचे भाग किंवा अध्यक्षांची दुसरी गाडी असते. कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याला मत नाही. तो सभासद नाही.

महापालिकेचे आठशे किलोमीटर कधी व्हायचे ते होतील. गटाराच्या जाळ्या आडव्या करा, अशी अर्ज-विनंती मी आणि माझ्यासारखे अनेक जण करतो आहोत, करत राहू. आमच्या भागात काही जाळ्या बदलल्याही. पण हा लेख जे वाचत आहेत, त्यांतले बरेच जण कुठल्या ना कुठल्या गृहसंस्थेचे सभासद आहेत, आणि त्यांच्या फाटकातून रोज निदान चार-पाच माणसं सायकलवरून कामाला येतात. त्यांची सायकल कुठं उभी असते, हे आज संध्याकाळी खाली उतरून एकदा बघा. मग पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घ्या : इथं काम करणाऱ्यांच्या सायकलींना फाटकाच्या आत, छपराखाली जागा, साखळी अडकवायला एक लोखंडी दांडा आणि भिंतीला टांगलेला हवेचा पंप. आमच्याकडं दोन सभा वाद झाला, तिसऱ्या सभेत ठराव झाला. सगळ्याचा मिळून खर्च त्या वर्षीच्या दिवाळीच्या रोषणाईपेक्षा कमी आला.